फोकस कुठं गेला?

डोळस माणसाला कॉम्प्युटरवर एका वेळी सात-आठ विंडो उघडून त्यांतल्या एकीतही काम न करण्याची सोय असते. आम्हा दृष्टिहीनांना ती चैन नाही. आम्हाला एका वेळी एकाच विंडोत कामचुकारपणा करता येतो.

याला कारण फोकस. आपण दाबलेली कळ या क्षणी पडद्यावरच्या ज्या वस्तूला जाऊन लागणार, ती वस्तू फोकसमध्ये आहे असं म्हणतात, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा आमचा स्क्रीन रीडर मुख्यतः तिच्याबद्दलच बोलतो. फोकस पत्रावर असेल तर पत्र ऐकू येतं, बटनावर असेल तर बटनाचं नाव ऐकू येतं. पडद्यावर बाकी काय मांडून ठेवलंय, कुठली विंडो कुणाच्या मागे दडलीय, कोपऱ्यात कसली घंटी लुकलुकतेय, याची त्याला आणि पर्यायानं मला फिकीर नसते. एक तेवढं खरं, बाकी सगळं मिथ्या, हे पटवायला वेदान्त्यांना एवढे ग्रंथ लिहावे लागले. त्यांना ऑल्ट-टॅब माहीत नसावं.

ऑल्ट दाबून ठेवायचं आणि टॅब मारत राहायचं. दर टॅबला उघड्या विंडोंपैकी एकीचं नाव ऐकू येतं. हवं ते आलं की बोट उचलायचं. पद्धतीत खोट नाही. फक्त बारसं करणाऱ्यांनी थोडं डोकं चालवायला हवं होतं. नोटपॅड उघडलं की नाव ‘अनटायटल्ड’, दुसरं उघडलं तरी ‘अनटायटल्ड’. आमच्या ऑफिसातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं तर कहर केलाय. त्यातल्या प्रत्येक विंडोच्या नावाची सुरुवात कंपनीच्या संपूर्ण नावानं होते, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट. मग सॉफ्टवेअरचं नाव, मग आवृत्तीचा आकडा, मग आर्थिक वर्ष, आणि ऐकणारा तोवर तग धरून असलाच तर सगळ्यात शेवटी ‘पावती’ किंवा ‘व्हाउचर’. डोळस सहकारी ही नांदी वाचतच नाहीत, त्यांची नजर थेट शेवटाला जाते. कानाला अशी उडी मारता येत नाही. मी घाईत असलो की ‘लिमिटेड’मधल्या ‘लि’ला पुढचा टॅब मारतो, तिथंही पुन्हा ‘लि’पर्यंत ऐकतो, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात येतं की मी कंपनीच्या नावाचा जप करतोय.

म्हणून आम्ही वेग वाढवतो. साधं बोलणं मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास असतं. स्क्रीन रीडरला सरावलेला माणूस चारशेच्याही पुढे ऐकतो. त्या वेगाला माणसाच्या आवाजासारखे गोड आवाज गुदमरतात. तिथं ई-स्पीक नावाचा एक यांत्रिक, नाकातून बोलणारा आवाज कामाला येतो. तो कुणालाच पहिल्या भेटीत आवडत नाही आणि सवय झाल्यावर कुणालाच सोडवत नाही. एकदा माझा इअरफोन निसटला आणि तो आवाज उघड्यावर आला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम दचकल्या.

‘बिघडलाय का हो तुमचा?’

‘नाही, तुमचाच मेल वाचतोय.’

‘माझा? मी काय लिहिलंय असं?’

जॉज हा सगळ्यात गाजलेला स्क्रीन रीडर बनवणारा अमेरिकेतला टेड हेंटर आधी मोटरसायकलच्या शर्यतींत उतरायचा. १९७८मध्ये मोटारीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली आणि मग तो प्रोग्रॅमिंगकडे वळला. आम्हा मंडळींच्या ऐकण्याच्या वेगाचं मूळ मी त्या शर्यतींत शोधतो.

त्याचा जॉज १९८९मध्ये आला तेव्हा डॉसचं राज्य होतं. डॉस म्हणजे आमचं रामराज्य. काळा पडदा, त्यावर ओळीनं अक्षरं, ना माउस ना चित्र. डोळस माणूसही तिथं आमच्याइतकाच चाचपडायचा. मग विंडोज आलं आणि पडद्यावर अक्षरांऐवजी अक्षरांची चित्रं आली. वाचणार काय? स्क्रीन रीडरवाल्यांनी एक चोरवाट काढली. विंडोज पडद्यावर जे जे काढायला सांगतंय ते वाटेतच गाठून ऐकायचं, आणि पडद्याची एक नक्कल स्वतःजवळ बाळगायची. १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा राजमार्ग दिला. आता प्रोग्रॅमनंच आपण होऊन सांगायचं, की मी बटन, माझं नाव सेव्ह, मला आत्ता दाबता येईल. म्हणजे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आठवण राहिली तर.

जॉजची किंमत तेव्हा हजार डॉलरच्या घरात असायची. विकत न घेता तो चालायचा, पण चाळीस मिनिटं. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा की आणखी चाळीस मिनिटं. आपल्याकडे अंधांची एक आख्खी पिढी याच तालावर शिकली. अजूनही त्यातले काही जण तासाभराच्या कामाला बसले की मध्येच उठून चहा घेऊन येतात, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही. पुढे २००६मध्ये मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला; कॉम्प्युटर वापरायला अंधानं डोळसापेक्षा जास्त पैसे का मोजावेत, असा त्याचा साधा सवाल होता. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. या दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. अंध मूल दिसलं की त्याला पेटीला बसवायचं ही रीत तिकडेही असावी. एनव्हीडीए फुकट आहे, त्याचा सगळा कोड खुला आहे, आणि चाळीस मिनिटांनंतरही तो बोलतच राहतो.

आता त्या आठवण न राहिलेल्या प्रोग्रॅमरांविषयी. डोळस माणसाला टूलबारवर फ्लॉपी दिसते, कात्री दिसते, छापखाना दिसतो. मला ऐकू येतं, ‘बटन. बटन. बटन.’ यात निदान प्रामाणिकपणा आहे. काही वेळा प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनानं आपोआप चिकटवलेलं नाव तसंच राहून गेलेलं असतं, आणि मग ‘टूलस्ट्रिपबटन सेव्हन’ असा पुकारा होतो. डोळसांना जे कधीच कळत नाही ते मला कळतं. कुठल्या स्क्रीनवर काम मन लावून झालंय आणि कुठली शुक्रवारी संध्याकाळी उरकलीय, ते मी कानानं सांगू शकतो. आमच्या सॉफ्टवेअरमधला सात नंबर प्रिंटचा आणि आठ नंबर सगळी नोंद पुसण्याचा. हे ज्ञान आम्ही एकमेकांना तोंडीच देतो, कारण लिहून ठेवलं की पुढच्या आवृत्तीत नंबर बदलतात.

कधी एक छोटी विंडो उगवते. तीत चार ओळींचा काहीतरी गंभीर इशारा असतो, पण तो स्क्रीन रीडरला कळेल अशा रीतीनं ठेवलेलाच नसतो. त्यामुळे मला फक्त ‘ओके बटन’ एवढंच ऐकू येतं. कॅन्सल नाही, का नाही, काही नाही. मी ओके म्हणतो. आजवर मी कशाकशाला होकार दिलाय याची यादी कुठल्यातरी सर्व्हरवर असेल.

पण हे सगळं परवडलं, फोकस पळवणारे नकोत. तुम्ही एका विंडोत शांतपणे टाइप करताय आणि न बोलावलेली दुसरी विंडो मध्येच येऊन फोकस बळकावते. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांचीच ही जात. डोळस माणसाला निदान ती येताना दिसते. आमची बोटं वेगात असतात; स्क्रीन रीडर नव्या पाहुण्याचं नाव उच्चारेपर्यंत चार-पाच कळा त्याच्या पदरात पडलेल्या असतात. साहेबांना इंग्रजीत एक लांबलचक पत्र लिहीत होतो. सगळं झालं, शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहायला घेतलं, आणि नेमकं त्याच क्षणी कुठल्याशा सॉफ्टवेअरला विचारावंसं वाटलं, ‘अपडेट पूर्ण करण्यासाठी आत्ता रीस्टार्ट करू का?’ अशा विंडोत होकाराला ‘वाय’ ही कळ पुरते. ‘युअर्स’मधला वाय माझ्या बोटातून सुटला होता. फेथफुली लिहायला पत्रच उरलं नाही.

रीस्टार्टनंतर अपडेट चढताना एनव्हीडीए शब्द न वापरता नुसत्या सुरांत बातमी देतो. काम जसजसं पुढे सरकेल तसतसा ‘टुक’ वरच्या पट्टीत चढत जातो. तार सप्तकात पोचून अपडेट तिथंच अडकलं की आख्ख्या खोलीचा जीव टांगणीला लागतो. घरी माझी भाची त्या सुरावरून ‘मामा, अजून अर्धं राहिलंय’ असं बिनचूक सांगते.

शांतता मात्र सुरांपेक्षा वाईट. डोळस माणसाचा कॉम्प्युटर हँग झाला की विंडो फिकट पडते, गोल चक्र फिरतं, काहीतरी दिसतं. आमचा एकदम गप्प होतो. आता हा गप्प का झाला? विंडो अडकली? स्क्रीन रीडर स्वतःच कोसळला? इअरफोनची पिन निघाली? की दिवे गेले? निदानाची पद्धत ठरलेली आहे. आधी पंख्याकडे कान द्यायचा. पंखा थांबलेला असेल तर जीव भांड्यात पडतो, कारण मग दोष वीजमंडळाचा. सगळं ऑफिस आपल्याइतकंच आंधळं झालेलं असतं आणि मी तेवढा रोजच्यासारखा जिन्यानं चहाला जातो. पंखा चालू असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एन दाबायचं. एनव्हीडीए नव्यानं उठतो आणि उठताना चढत्या सुरांची एक छोटी तान घेतो. ती तान ऐकू आली की स्क्रीन रीडर मेला होता आणि आता जिवंत झालाय. नाही ऐकू आली तर पिन चाचपायची.

आणि नको तेव्हा बोलणं? ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब एका कानात असतात आणि स्क्रीन रीडर दोन्हींत. साहेब म्हणतात, ‘तर या तिमाहीत आपली थकबाकी...’ आणि चॅटची विंडो गळती लागल्यागत सुरू होते: ‘गुड मॉर्निंग सर. गुड मॉर्निंग सर. गुड मॉर्निंग ऑल.’ त्यावर कुणाचा तरी अंगठा, तोही शब्दांत. आकडा त्यात वाहून जातो. स्क्रीन रीडरला चूप करायला कंट्रोलची कळ पुरते. हात आपोआप तिथं जातो. इतका, की मीटिंग समोरासमोर असली, साहेब लांबवायला लागले, तरी माझी करंगळी टेबलावर कंट्रोल शोधत असते.

पासवर्डची गंमत वेगळी. पासवर्ड टाइप करताना अक्षर फुटू नये म्हणून स्क्रीन रीडर दर कळेला ‘स्टार’ म्हणतो. गुप्तता शंभर टक्के. फक्त इअरफोन लावलेला नसेल तर आजूबाजूच्यांना पासवर्ड किती अक्षरांचा आहे ते मोजून मिळतं.

मॉनिटर मी बंदच ठेवतो. वीज वाचते, आणि मागून डोकावणाऱ्यांची पंचाईत होते. बदलून आलेले नवे साहेब पहिल्या दिवशी फेरी मारताना माझ्यामागे बराच वेळ थांबले होते. अंधारलेल्या पडद्यासमोर एक माणूस भराभर टाइप करतोय, मध्येच हसतोय. त्यांनी शिपायाला हळूच विचारलं, ‘हे नेहमी असेच असतात का?’ शिपाई म्हणाला, ‘हो साहेब, सगळ्यात आधी काम यांचंच होतं.’

हा बंद मॉनिटर सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला समजावणं हा प्रकार एकदा ऐकण्याजोगा आहे. पावती सेव्ह केली की फोकस गायब होत होता. सेव्ह होऊन विंडो मिटायची आणि मग स्क्रीन रीडर नुसता ‘अननोन’ म्हणून बसायचा. फोन लावला.

‘बोला सर, काय प्रॉब्लेम आहे?’

‘पावती सेव्ह केली की फोकस जातो.’

‘म्हणजे धूसर दिसतं का सर?’

‘नाही, दिसत तर काहीच नाही.’

‘काहीच नाही? मग मॉनिटरची वायर बघा ना सर, ढिली झाली असेल.’

‘वायर ठीक आहे. मॉनिटर बंद आहे.’

पलीकडे जरा विचार झाला. ‘मग सर, आधी मॉनिटर चालू करून घेऊ या का?’

मी खुलासा केला. त्याबरोबर त्या मुलाचा आवाज दुप्पट मोठा झाला. दिसत नाही म्हटलं की माणसं आपोआप ओरडून बोलतात.

‘सर! तुमच्याजवळ! कोणी आहे का?’

‘आहे. मी आहे.’

‘बरं सर. स्क्रीनवर उजवीकडे वरती हिरवं बटन आहे, ते दाबा.’

‘त्याचं नाव काय?’

‘नाव नाहीये सर, नुसतं हिरवं आहे.’

‘मला नुसतं बटन ऐकू येतंय.’

‘हां, तेच सर!’

‘अशी अकरा आहेत.’

‘त्यातलं हिरवं सर.’

मुलगा मनानं चांगला होता. त्यानं तक्रार नोंदवून घेतली, आणि ती नोंदवल्याची पोच म्हणून मला एक चित्र पाठवलं. चित्रात काय लिहिलं होतं ते संध्याकाळी भाचीनं वाचून दाखवलं: ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

मराठीची कथा निराळी. विंडोजमध्ये भारतीय आवाज आहेत: रवी, हीरा, हेमंत, कल्पना. सगळ्यांचं घराणं एक, मायक्रोसॉफ्ट. रवी-हीरा इंग्रजी बोलतात, हेमंत-कल्पना हिंदी. कल्पनाकडून मराठी वाचून घेता येतं, नाही असं नाही, पण तिच्या तोंडी ‘चमचा’ आला की थेट कानपुरात जेवायला बसल्याचा भास होतो. तेही सुख युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं. जुन्या फॉन्टांत तेवढीही सोय नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण आत फाइलमध्ये प्रत्यक्षात असतात इ, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. त्यांना मराठी वेश फॉन्ट चढवतो. स्क्रीन रीडर वेशाला भुलत नाही. त्यामुळे एखादं आख्खं परिपत्रक तो पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत कुठल्याशा परग्रहाच्या भाषेत, पण सगळे विराम पाळून वाचतो.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असं असावं, हे त्यात लिहिलेलं आहे. एका कार्यालयानं यावर आपल्या सगळ्या शाखांना एक कडक सूचनापत्र काढलं, त्याची प्रत मलाही आली. मी मोठ्या आशेनं उघडली. कागदाला शिक्का मारून, सही करून, मग स्कॅन करून पाठवलेली होती. स्क्रीन रीडर म्हणाला, ‘एम्प्टी डॉक्युमेंट.’

तर आमची ती फोकसची तक्रार शेवटी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसापर्यंत पोचली आणि तो चक्क ऑफिसात आला. विशीतला पोरगा. मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, मॉनिटर बंद ठेवला, आवाजाचा वेग त्याला झेपेल इतका कमी केला आणि म्हटलं, एक पावती कर. त्यानंच बनवलेली विंडो. तो टॅब मारत गेला. बटन. बटन. टूलस्ट्रिपबटन सेव्हन. मध्येच थांबून म्हणाला, ‘सर, यातलं सेव्ह कुठलं?’ मी म्हटलं, ‘तुलाच माहीत.’ त्यानं आठ नंबर दाबला. मग बराच वेळ काही बोलला नाही. ती नोंद अर्थात खरीच होती, आणि मॅडमची होती.

पुढच्या आवृत्तीत फोकस जागेवर राहायला लागला. बटनांना त्यानं एकूण एक नावं दिली, तीही मनापासून: ‘सेव्ह बटन’, ‘प्रिंट बटन’, ‘क्लोज बटन’. वस्तू बटन आहे हे स्क्रीन रीडर स्वतः होऊन सांगतोच, तेव्हा आता आमच्याकडे ‘सेव्ह बटन बटन’, ‘प्रिंट बटन बटन’ असा गजर दिवसभर चालतो. माझं काही म्हणणं नाही, नाव कळल्याशी मतलब. एक आठ नंबरचं तेवढं अजून नुसतंच ‘बटन’ आहे. विचारलं तर म्हणाला, ‘सर, त्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे ना, ते बघूनच कळतं.’